मित्रासाठी भांडणारा कुनिओ



या मालिकेसाठी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "मारामारीच्या एका जुन्या व्हिडिओ गेमवर बोलतो." फोनवर पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग आवाज आला, "चालेल, पण वीस मिनिटांत आटपा." तेव्हा वीस मिनिटांत आटपतो.

गेम १९८६चा आहे. जपानमध्ये त्याचं नाव 'नेक्केत्सु कोहा कुनिओ-कुन'. अमेरिकेत आणि युरोपात तोच गेम 'रेनेगेड' या नावानं गेला. तोच गेम, असं मी म्हणतोय खरा. पण तो खरोखर तोच उरला का, हाच आजचा प्रश्न आहे. बटणं तीच, लाथा-बुक्क्या त्याच, टप्पे तितकेच. माणसं मात्र वेगळी, शहर वेगळं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मारामारीचं कारण वेगळं. त्या कारणाशी माझी स्वतःची एक जुनी भानगड आहे. तीही आज सांगून टाकणार आहे.

मी बडोद्याचा. दांडिया बाजारातलं घर. घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी. तुमच्यापैकी जे इंदूरला, हैदराबादला, भोपाळला वाढले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. साधारण १९९५च्या सुमाराला माझ्या वर्गातल्या एका मित्राकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. त्याचं नाव मी इथे घेत नाही, त्याला विचारलंय, तो नको म्हणाला. यंत्र अर्थातच अस्सल जपानी नव्हतं. त्या काळी आपल्याकडे मिळायची ती सगळी नकलीच. कॅसेट चालली नाही की काढायची, खालच्या बाजूनं फुंकर मारायची, परत बसवायची. त्या फुंकरीनं नक्की काय व्हायचं देवाला ठाऊक, पण आमची श्रद्धा होती.

एका कॅसेटमध्ये 'रेनेगेड' होता. सोबत पुस्तिका नाही, खोक्यावरचं चित्र भलत्याच गेमचं. एक माणूस रेल्वेच्या फलाटावर उभा आहे आणि चारी बाजूंनी गुंड येतायत, एवढंच आम्हाला कळलं. मित्र विचारायचा, "अरे, पण हा का मारतोय सगळ्यांना?" मी वर्गात हुशार समजला जायचो, त्यामुळे उत्तर देणं भाग होतं. मी सांगितलं, "तो घरी चाललाय. वाटेत हे लोक अडवतात." त्याचं समाधान झालं. पुढची दोन वर्षं आम्ही त्या माणसाला घरी पोचवत होतो.

आता मूळ गेमकडे येऊ. तो बनवला टेक्नोस जपान या कंपनीनं, आणि त्यामागचा माणूस म्हणजे योशिहिसा किशिमोतो. जन्म १९६१चा. आधी तो डेटा ईस्ट या कंपनीत लेझरडिस्कवर चालणारे गेम करायचा, मग टेक्नोसमध्ये आला. 'कुनिओ-कुन' हा त्याचा जवळजवळ आत्मचरित्रात्मक गेम आहे. माध्यमिक शाळेत असताना तो स्वतः भांडखोर होता, प्रेमभंगानंतर तर रोज कुणाशी तरी मारामारी करत फिरायचा, हे त्यानं मुलाखतींमध्ये मोकळेपणानं सांगितलंय. नायकाला त्यानं नाव दिलं कुनिओ. हे नाव आलं कंपनीचे प्रमुख कुनिओ ताकी यांच्यावरून. आपल्याकडे एखाद्यानं साहेबाचं नाव गेममधल्या शाळकरी गुंडाला दिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्याची बदली झाली असती.

गोष्ट साधी आहे. कुनिओ नेक्केत्सु हायस्कूलचा विद्यार्थी. त्याचा एक मित्र आहे, हिरोशी. हिरोशी गरीब स्वभावाचा, भांडण न करणारा. टप्पा सुरू होताना शाळेसमोर कोणत्या तरी टोळीची पोरं हिरोशीला धरून मारतात आणि निघून जातात. मग कुनिओ त्यांच्या मागे जातो. पहिल्या टप्प्यात दुसऱ्या शाळेची पोरं, दुसऱ्यात मोटरसायकलवाले, तिसऱ्यात लांब स्कर्ट घातलेल्या दांडगट मुलींची टोळी, चौथ्यात थेट याकुझा, म्हणजे जपानी गुंडांची संघटित टोळी. शाळेतल्या दादागिरीपासून गोष्ट सुरू होते आणि चढत चढत पिस्तूल बाळगणाऱ्या साबूपर्यंत जाते. त्याची एक गोळी लागली की खेळ खलास. चौथ्या टप्प्यातल्या चाकूवाल्यांचंही तेच, एक वार आणि संपलं.

खेळण्याच्या दृष्टीनंही हा गेम फार महत्त्वाचा. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८४ मध्ये, इरेम कंपनीचा 'कुंग-फू मास्टर' आला होता. त्यात नायक एका रेषेवर चालतो. शत्रू एकतर समोरून येतो, नाहीतर मागून. 'कुनिओ-कुन'नं जमिनीला खोली दिली. नायक डावीकडे-उजवीकडे तर जातोच, पण पडद्याच्या वर आणि खालीही जातो, म्हणजे आत आणि बाहेर. त्यामुळे पहिल्यांदाच घेरलं जाण्याची भीती खरी झाली. चार जण चार बाजूंनी येतात आणि तुम्हाला पाठ भिंतीला लावून उभं राहायचं की मोकळ्यात पळायचं, हे ठरवावं लागतं. पुढे 'फायनल फाइट' आला, 'स्ट्रीट्स ऑफ रेज' आला, आपल्याकडे गल्लोगल्ली 'मुस्तफा' या नावानं गाजलेला 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' आला. या सगळ्यांची जमीन कुनिओनं आधी चालून ठेवलेली आहे.

बटणं तीन. मधलं उडीचं. डावीकडचं बटण डावीकडे मारतं, उजवीकडचं उजवीकडे. म्हणजे तुमचं तोंड उजवीकडे असेल आणि तुम्ही डावं बटण दाबलंत, तर कुनिओ मागे न वळता मागच्याला लाथ घालतो. सुरुवातीला डोकं चक्रावतं, पण एकदा हाताला सवय झाली की घेराव्यात सापडलेल्या माणसाला जे लागतं, नेमकं तेच हातात आहे, हे लक्षात येतं. शिवाय समोरच्याची गचांडी धरून गुडघे मारता येतात, खांद्यावरून फेकता येतं, पडलेल्याच्या छातीवर बसून बुक्के घालता येतात आणि फलाटावरून रुळांवर ढकलताही येतं. यात ऐट अजिबात नाही. ही शाळेच्या मागच्या मैदानातली मारामारी आहे. ती ज्यानं प्रत्यक्ष केली, त्यानंच ती बनवली आहे, हे हाताला कळतं.

आता 'रेनेगेड'. परदेशात हा गेम ताइतो कंपनीनं वितरित केला आणि त्यासाठी टेक्नोसनंच सगळी चित्रं बदलली. दोन्ही गेम मी शेजारी शेजारी ठेवून खेळलो, जुन्या आर्केड गेमच्या पुनर्प्रकाशनामुळे आता ते शक्य आहे. तर काय दिसतं ते सांगतो.

जपानी फलाट स्वच्छ आहे, रोज शाळेला जाता-येता लागणारा. परदेशी फलाट म्हणजे भिंतीवर रंगीत खरडलेलं, अंधारलेलं भुयारी स्टेशन. जपानी शत्रू गळाबंद काळ्या गणवेशातली मुलं आहेत, त्याला तिकडे 'गाकुरान' म्हणतात. परदेशी शत्रू वाढलेले, स्नायू फुगवलेले रस्त्यावरचे गुंड. जपानी पहिल्या टप्प्याचा म्होरक्या रिकी, शेजारच्या हानाझोनो हायस्कूलचा दादा. त्याच्या जागी परदेशात जॅक नावाचा टोळीप्रमुख. तिसऱ्या टप्प्यात मिसुझू नावाच्या धिप्पाड मुलीच्या जागी बिग बर्टा. आणि कुनिओ स्वतः? तो शाळकरी राहत नाही. तो रस्त्यावरचा एकांडा लढवय्या होतो, बिनशाळेचा. घरोघरी जाणाऱ्या निन्टेन्डोच्या आवृत्तीत तर त्याला 'मिस्टर के' असं अर्धवट नाव आहे. अर्धवट म्हणजे शब्दशः. कुनिओतला 'के' तेवढा शिल्लक.

या सगळ्यावर 'द वॉरियर्स' या १९७९च्या अमेरिकी चित्रपटाची छाप उघड दिसते. त्यात न्यूयॉर्कमधली एक टोळी रात्रभर भुयारी रेल्वेनं आणि पायी, वाटेत अडवणाऱ्या इतर टोळ्यांशी लढत, आपल्या घरच्या भागात परत जायची धडपड करते. मी हा चित्रपट पाहिला तेव्हा मोठ्यानं हसलो. बडोद्यात अकरा वर्षांच्या मुलानं अंदाजानं सांगितलेली गोष्ट, "तो घरी चाललाय, वाटेत अडवतात," हीच होती की! म्हणजे चित्रं बदलणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. एक अक्षर न वाचता ते आमच्यापर्यंत पोचलं होतं.

पण एक गोष्ट पोचली नाही, कारण ती काढूनच टाकली होती. हिरोशी.

परदेशी आवृत्तीत टप्प्याच्या सुरुवातीला शाळेसमोर मार खाणारा मुलगा नाही. शाळाच नाही, तर शाळेसमोरचा मुलगा कुठून येणार? त्याच्या जागी कारण म्हणून आणली मैत्रीण. नायक आपल्या मैत्रिणीसाठी टोळ्यांमधून वाट काढतो.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? मित्र काय आणि मैत्रीण काय, मारामारीला निमित्त हवं. इथे मूळ नावाकडे बघा. 'नेक्केत्सु' म्हणजे गरम रक्ताचा, सळसळत्या रक्ताचा. आणि 'कोहा' हा शब्द मराठीत एका शब्दात येत नाही. शब्दशः 'कठीण गटातला'. त्याच्या उलट शब्द 'नानपा', म्हणजे 'मऊ गटातला', मुलींच्या मागे फिरणारा. कोहा मुलगा म्हणजे तत्त्वाचा पक्का, दिलेला शब्द पाळणारा, मुलींच्या मागे न लागणारा. आपल्या तालमीत जुने वस्ताद ज्याला लंगोटाचा पक्का म्हणायचे, साधारण त्या जातीचा. बडोद्याला तालमींची मोठी परंपरा आहे, त्यामुळे हा माणूस मला चांगला ओळखीचा वाटला. म्हणजे बघा, गेमचं शीर्षकच सांगतं की हा पोरगा मुलीसाठी भांडणारा नाही. हा मित्रासाठी भांडतो. आणि परदेशी जाताना त्याला नेमकं तेवढंच काम दिलं, जे करणार नाही असं त्याच्या नावातच लिहिलेलं होतं.

यात कुणी खलनायक नाही, हेही सांगतो. परदेशातल्या मुलाला जपानी शाळांमधलं वैर कळणार नाही, गणवेशाचा अर्थ लागणार नाही, असा विचार झाला. त्या काळात तो चुकीचाही नव्हता. किशिमोतोनं तर पुढच्या वर्षी परदेशी खेळाडू आधीच डोळ्यांसमोर ठेवून गेम केला. तो म्हणजे १९८७चा 'डबल ड्रॅगन'. सुरुवात झाली होती कुनिओचा पुढचा भाग म्हणून. पण आता दोघांना एकाच वेळी खेळता आलं पाहिजे होतं, आणि नायक झाले बिली आणि जिमी. पहिल्याच दृश्यात मॅरियन नावाच्या मुलीला गुंड ठोसा मारून खांद्यावर टाकून नेतात. आणि आर्केडमध्ये, दोन खेळाडू शेवटपर्यंत टिकले तर काय होतं ठाऊक आहे? दोघांना मॅरियनसाठी एकमेकांशी लढावं लागतं. एका वर्षात आपण कुठून कुठे आलो बघा. मित्राला मारलं म्हणून लढणारा कुनिओ, आणि मुलीसाठी सोबत्यालाच मारणारे बिली-जिमी. 'डबल ड्रॅगन' जगभर गाजला, कुनिओपेक्षा कितीतरी जास्त.

ब्रिटनमध्ये तर आणखीच मजा झाली. तिथे घरगुती संगणकांवर 'रेनेगेड' १९८७ मध्ये आला आणि इतका आवडला की तिथल्या लोकांनी स्वतःच त्याचे पुढचे भाग काढले. १९८८ मध्ये 'टार्गेट: रेनेगेड', त्यात नायक भावाच्या खुनाचा सूड घ्यायला मिस्टर बिगच्या मागे लागतो. १९८९ मध्ये तिसरा भाग, त्यात तो कालप्रवास करून आदिमानवांशी आणि इजिप्तमधल्या ममींशी मारामारी करतो. त्याच वेळी जपानमध्ये कुनिओचे वेगळेच पुढचे भाग चालू होते. एकाच गेमची दोन घराणी, एकमेकांचा पत्ता नसलेली. मूळ पुरुष एकच आहे, हे ब्रिटनमधल्या मुलाला ठाऊक नव्हतं आणि ओसाकातल्या मुलालाही नाही.

आता एक प्रश्न मी स्वतःला विचारला. परक्या भाषेत जाताना कपडे बदलले तर बिघडलं कुठे? आपण मराठी माणसं तर यात मुरलेली. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं. पुलंनी 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली, लंडनच्या फुलवालीची मंजुळा झाली, आणि तिला पाहताना कुणालाही लंडनची आठवण येत नाही. इंग्लंडमध्ये उच्चारावरून माणसाची पायरी ठरते, हे नाटकाचं हाड. ते पुलंनी अचूक ओळखलं आणि मराठी बोलींवर नेऊन बसवलं. नाव, गाव, पोशाख, विनोद, सगळं बदललं. हाड तेवढं ठेवलं.

हाच नियम कुनिओला लावून बघू. आणि योगायोगानं कुनिओच्याच घरात याचं उत्तम उदाहरण आहे.

१९८९ मध्ये जपानमध्ये 'डाउनटाउन नेक्केत्सु मोनोगातारी' आला, घरी खेळायच्या फॅमिकॉम यंत्रावर. पुढच्या वर्षी अमेरिकेत तो 'रिव्हर सिटी रॅन्सम' झाला, नंतर युरोपात 'स्ट्रीट गँग्ज'. हा गेम म्हणजे वेडेपणाचा कळस आहे. मारामारी आहेच, पण प्रत्येक गुंड पडला की त्याच्याकडची नाणी पडतात. ती गोळा करायची आणि बाजारात जायचं. तिथे खायचे पदार्थ आहेत, पुस्तकं आहेत. पुस्तक वाचलं की नवी लाथ येते. आपल्या पालकांनी हा गेम पाहिला असता तर अभ्यासाला लावायला त्याचा उपयोग केला असता. आंघोळीची जागा आहे, तिथे नायक पाठमोरा, अंगावर काही न घेता आंघोळीला जातो, आणि ते अमेरिकेतही तसंच राहिलं. बर्गरच्या दुकानात यादीत एक पदार्थ आहे, 'स्माइल', किंमत शून्य. जपानमधल्या मॅकडोनाल्ड्सच्या यादीत तेव्हा खरोखरच 'हास्य, शून्य येन' असं लिहिलेलं असायचं, त्याची ही थट्टा. अमेरिकी मुलांना मूळ संदर्भ ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण फुकटचं हसू विकत घेण्यातली गंमत त्यांना कळली.

इथेही नावं बदलली. कुनिओचा झाला अ‍ॅलेक्स, रिकीचा झाला रायन. गणवेश गेला, टी-शर्ट आणि जीन्स आली. शाळांच्या टोळ्यांच्या जागी रंगीत शर्टांच्या टोळ्या आल्या. मार खाल्लेला गुंड पडताना पडद्याच्या खालच्या बाजूला 'बार्फ!' असं लिहून येतं. हा शब्द अमेरिकेत इतका लाडका झाला की तिशी-चाळिशीतली माणसं अजून तो म्हणून हसतात. भाषांतर करणाऱ्यानं मनापासून मजा घेत काम केलंय, हे ओळीओळीत दिसतं.

आणि हाड? ते शाबूत आहे. जपानी गोष्टीत रिकीच्या मैत्रिणीला पळवून नेतात. रिकी म्हणजे तोच, पहिल्या गेममधला फलाटावरचा शत्रू, आता सोबती झालेला. आणि त्याच्यासाठी कुनिओ निघतो. अमेरिकी गोष्टीत रायनच्या मैत्रिणीला पळवतात आणि त्याच्यासाठी अ‍ॅलेक्स निघतो. मैत्रीण आहे, पण ती मित्राची आहे. म्हणजे कोहा मुलगा कोहाच राहिला. मित्राच्या संकटात आपण होऊन उतरणारा. कॅनडातल्या ब्रायन ली ओमॅली या चित्रकथाकारानं पुढे 'स्कॉट पिल्ग्रिम'मध्ये हरलेल्या शत्रूंची नाणी करून टाकली, ती इथूनच. जे मूळ जपानी नावानं कधी पोचलं नसतं, ते अ‍ॅलेक्स-रायनच्या नावानं पोचलं आणि रुजलं.

तेव्हा माझा हिशेब असा. 'रेनेगेड'नं चित्रं बदलली आणि कारणही बदललं. 'रिव्हर सिटी रॅन्सम'नं चित्रं बदलली, पण कारण ठेवलं. दोन्ही चांगले गेम आहेत. पण पहिल्यातून एक मुलगा गायब झाला.

कुनिओच्या घराण्याचे इतर प्रवास थोडक्यात सांगतो. डॉजबॉलच्या गेममध्ये अमेरिकेला जाताना कुनिओच्या शाळेचा संघ अमेरिकेचा राष्ट्रीय संघ झाला, आणि तो ज्या देशांशी खेळतो त्यांत भारतही आहे. फुटबॉलच्या गेममधल्या जपानी शाळा परदेशात जाताना थेट देश झाल्या, नाव पडलं 'निन्टेन्डो वर्ल्ड कप'. टेक्नोस १९९६ मध्ये बंद पडली. २०१५ मध्ये हक्क आर्क सिस्टिम वर्क्स या जपानी कंपनीकडे गेले. मग २०१८ मध्ये जपानमध्ये आणि २०२० मध्ये बाहेर, अठरा जुन्या गेमचा संच निघाला. कधीच इंग्रजीत न आलेले कितीतरी कुनिओ त्यात इंग्रजीत आले, गणवेशासकट, स्वतःच्या नावानिशी. २०१९च्या 'रिव्हर सिटी गर्ल्स'मध्ये तर कुनिओ आणि रिकी या दोघांनाच पळवून नेलंय असं कळतं, आणि मिसाको आणि क्योको या दोन मैत्रिणी त्यांना सोडवायला निघतात. शहराचं नाव अमेरिकी, माणसांची नावं जपानी, आणि कुणाचंच काही अडत नाही. आता परदेशातल्या मुलांना गाकुरान म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. चाळीस वर्षांत जग तेवढं पुढे आलंय.

आता माझी भानगड.

माझा तो मित्र, ज्याच्या घरी आम्ही 'रेनेगेड' खेळायचो, तो बोलताना अडखळायचा. शाळेत वरच्या वर्गातली तीन-चार मुलं सायकल स्टँडपाशी त्याला अडवायची. त्याच्याकडून एखादं वाक्य म्हणून घ्यायची, अडखळला की हसायची, मग दप्तर फेकायची, मारायचीही. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी. मला ते ठाऊक होतं. सुटायच्या वेळी ती मुलं तिथे दिसली की मी मागच्या दारानं बाहेर पडायचो. आणि संध्याकाळी त्याच्याच घरी जाऊन, त्याच्याच टीव्हीसमोर बसून, पडद्यावरच्या गुंडांना फलाटावरून खाली ढकलायचो. त्यानं कधी काही म्हटलं नाही. मीही नाही. नववीत त्याच्या वडिलांची बदली झाली आणि ते बडोदा सोडून गेले.

तीन-चार वर्षांपूर्वी मी जपानी आवृत्ती पहिल्यांदा सुरू केली. शाळेचं फाटक. एका मुलाला धरून मारतायत. तो खाली पडतो. मी बटणं दाबत होतो, पण त्या दृश्यात तुम्हाला काही करता येत नाही, नुसतं बघावं लागतं. मग कुनिओ त्या पोरांमागे धावला आणि मी तो गेम तिथेच बंद केला. पुढचे काही दिवस उघडला नाही.

मला राहून राहून एकच वाटत होतं. त्या कॅसेटमध्ये हिरोशी असता, तर काय झालं असतं? मी सायकल स्टँडपाशी गेलो असतो? गेलो असतो, असं मी म्हणणार नाही. गेममुळे कुणी शूर होत नाही, जसं गेममुळे कुणी गुंडही होत नाही. पण आम्ही दोघं त्या पडद्यासमोर बसलो असताना, दर टप्प्याला एक मार खाणारा मुलगा आमच्या मध्ये येऊन बसला असता. मित्रानं "हा का मारतोय?" असं विचारलंच नसतं, त्याला कळलं असतं. आणि मला "तो घरी चाललाय" असं सांगून सुटता आलं नसतं. कारण घरी जाणारा मीच होतो. मागच्या दारानं.

शेवटी मी त्याला शोधून फोन केला. तो बंगळुरूला असतो. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर मी म्हणालो, "अरे, त्या सायकल स्टँडचं मला बोलायचं होतं." तो म्हणाला, "मला दिसायचास तू. मागच्या दारानं जाताना." मग म्हणाला, "मीही गेलो असतो." मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, की खरंच, ते मी विचारलं नाही. मी त्याला कुनिओची सगळी गोष्ट सांगितली, आता तुम्हाला सांगितली तशी. हिरोशीची, कोहाची. तो ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं, "तो हिरोशी, त्याला खेळायला मिळतं का कधी?" मी म्हटलं, "नाही. कुनिओच खेळतो." तो म्हणाला, "हं. मग बदला तेवढं."

मंडळी, मी चाळीस वर्षांच्या गेमवर बोललो, पण या फोनमुळे मला त्यातलं एक कळलं. परदेशी आवृत्तीत हिरोशी गेला, हे मी शोधून काढलं म्हणून माझी छाती फुगली होती. मूळ आवृत्तीतही तो नुसता मार खातो आणि त्याच्या वतीनं दुसरा लढतो, हे मला दिसलंच नव्हतं. ते दिसायला हिरोशीच्या जागी उभं राहिलेला माणूस लागला.

आता मी एवढंच करतो. माझी मुलगी गेम खेळायला बसली की शेजारी बसतो आणि विचारतो, "हा का मारतोय सगळ्यांना?" ती कधी सांगते, कधी "बाबा, गप्प बसा ना" म्हणते. दोन्ही चालतं. पण एखाद्या दिवशी तिनं शाळेतलं काही सांगायला सुरुवात केली, तर उत्तर आधी आपण देऊन टाकायचं नाही, एवढं मी ठरवलंय.

वीस मिनिटं झाली.